आठव्या वचनापाशी थांबा: मराठी मंडळ्यांचे पाळक, फादर आणि धर्मज्ञानाच्या अध्यापकांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, आदरणीय फादर, आणि पुण्यात व महाराष्ट्रात इतरत्र धर्मज्ञान शिकवणारे सर्व अध्यापक,

प्रभूच्या नावात आपणां सर्वांस सलाम.

मी एका तालुक्याच्या गावी आमच्या मंडळीत २९ वर्षे शब्बाथशाळा घेते आहे. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवण्याची होती, आता निवृत्त आहे. मला ग्रीक येत नाही, हिब्रूही येत नाही. जे थोडं कळतं ते मराठीत वाचून आणि शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजीत वाचून कळलेलं. म्हणून हे पत्र विद्वानाचं नाही, शिकवणाऱ्या बाईचं आहे.

गेल्या ईस्टरनंतरच्या रविवारी अकरावीतला एक मुलगा वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळला. बालवर्गापासून माझ्यापुढे बसलेला, दहा आज्ञा माझ्याकडेच पाठ केलेला. मोबाइल पुढे करून म्हणाला, "बाई, मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट नंतर कुणीतरी जोडलाय म्हणतात. खरं का?" मी म्हटलं, बहुतेक अभ्यासकांचं मत तसंच आहे, आपण पाळकसाहेबांना विचारू. उपासना संपल्यावर त्याने दारातच, चार माणसांसमोर विचारलं. साहेब म्हणाले, "सैतान अशाच शंका पेरतो. फोन कमी बघ, प्रार्थना जास्त कर." पोरगं मान खाली घालून निघून गेलं. संध्याकाळी साहेब आमच्याकडे चहाला आले तेव्हा मीच विषय काढला. ते बराच वेळ बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे आम्हाला सेमिनरीत पहिल्याच वर्षी शिकवतात. पण मंडळीत कसं सांगायचं?"

माणूस फार चांगला आहे. रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसणारा. त्यांना दोष द्यायला मी लिहीत नाही. पण तो मुलगा त्यानंतर चर्चमध्ये आलेला नाही, आणि "कसं सांगायचं" हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी त्या मुलाला मी पुढे घरी जाऊन काय सांगितलं ते लिहिते, म्हणजे चुकलं असेल तर आपण दुरुस्त कराल. मार्कची सर्वांत जुनी जी पूर्ण हस्तलिखितं आज हाती आहेत, चौथ्या शतकातली सिनाई आणि व्हॅटिकन ही दोन, त्यांत सोळावा अध्याय आठव्या वचनापाशी संपतो. स्त्रिया कबरेपासून पळतात, थरथरत असतात, कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. मूळ ग्रीकमध्ये या वाक्याचा शेवटचा शब्द 'गार' आहे, म्हणजे 'कारण'. पुस्तक तिथेच तुटतं. पुढच्या बारा वचनांची भाषा वेगळी आहे. नवव्या वचनात मग्दालीया मरीयेची ओळख अशी करून दिली आहे की जणू ती प्रथमच येते आहे, जरी आठ वचनं आधीच तिचं नाव येऊन गेलं होतं. काही हस्तलिखितांत तर आणखी वेगळा, दोन-तीन ओळींचाच शेवट सापडतो. उलट बाजूही मी त्याला सांगितली: दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इरेनियस या धर्मपुढाऱ्याने या लांब शेवटातलं एक वचन मार्कचं म्हणून उद्धृत केलं आहे, म्हणजे हा भाग कुणी काल-परवा घुसडलेला नाही. मुलाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग हे साहेबांनी का नाही सांगितलं?" त्याच्या मनाला लागलं ते मार्कच्या शेवटाने नाही, त्या दारातल्या उत्तराने.

हीच वचनं माझ्या घरातही येऊन गेली आहेत. माझी धाकटी मावशी मधुमेहाची रोगी होती. एका प्रार्थनासभेत बाहेरगावच्या कुणा उपदेशकाने याच अध्यायातलं १८ वं वचन वाचलं, आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि औषध घेणं म्हणजे अविश्वास असं सांगितलं. तिने गोळ्या आणि इन्शुलिन दोन्ही बंद केलं. महिन्याच्या आत आम्ही तिला मातीत ठेवलं. हस्तलिखितांची माहिती असती तर ती वाचली असती, असा दावा मी करणार नाही. प्रभू बरं करतो हा माझाही विश्वास आहे. पण त्या खोलीत ३० माणसं होती आणि त्या वचनाबद्दल दोन शब्द विचारण्याइतकं ज्ञान एकाच्याही हाती नव्हतं. ते ज्ञान पुण्याच्या वर्गांत होतं. इंग्रजीत.

आता "मंडळीत कसं सांगायचं" याकडे येते. मराठी माणसाला पाठभेद, म्हणजे एकाच ग्रंथाच्या प्रतींत पडणारे फरक, शिकवायला परदेशी उदाहरण लागत नाही. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यावर तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत इतक्या चुका आणि इतकी भर पडली की नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती जमवून ती शुद्ध केली. त्यांनी लिहून ठेवलं की ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतराने तो बिघडला. आणि पुढे बजावलं की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली म्हणून समजा. नाथांची माउलींवरची भक्ती कुणी संशयाने पाहिली का? भक्ती होती म्हणूनच त्यांनी ते काम केलं. मी वर्गात आधी हे सांगते, मग मार्ककडे वळते. खेड्यातल्या मुलांना पाच मिनिटांत कळतं.

आणि पुण्यात राहून हे अवघड कसं वाटावं? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवण्याचं, काम सुरू केलं आणि १९६६ मध्ये पूर्ण केलं. विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादलेलं आदिपर्व १९३३ साली आलं. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही घराघरांत माहीत असलेली कथा त्यांनी मुख्य पाठातून काढून परिशिष्टात ठेवली, कारण हस्तलिखितांचा आधार पुरेसा नव्हता. कथा नष्ट झाली नाही. लोक अजून ती सांगतात. फक्त ती कुठे उभी आहे हे आता स्पष्ट झालं. त्याच शहरात आमचे भावी पाळक नेमकी हीच विद्या ग्रीक पाठावर शिकतात आणि गावी येताना ती तिथेच ठेवून येतात.

गणपतीच्या कथेसारखीच एक आपल्याकडे आहे, आणि ती मला सर्वांत प्रिय आहे. योहानाच्या सातव्या अध्यायाच्या शेवटापासून आठव्याच्या अकराव्या वचनापर्यंत, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची. येशू वाकून जमिनीवर बोटाने लिहितो. काय लिहितो ते कुणी सांगत नाही. म्हाताऱ्यांपासून सुरुवात करून एकेक जण निघून जातो. ही कथा योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. काही प्रतींत ती लूकच्या २१ व्या अध्यायाच्या शेवटी आढळते, जणू कुणाला ती टाकवत नव्हती आणि ठेवायची कुठे तेही कळत नव्हतं. जुन्या चर्चमधले थोर शिक्षक ऑगस्टिन यांचं मत होतं की आपल्या बायका बिघडतील या भीतीने काही पुरुषांनीच ती काढून टाकली. आजच्या बहुतेक अभ्यासकांना वाटतं की ती जुनी, तोंडी फिरणारी आठवण असावी आणि पुढे लिखित शुभवर्तमानात शिरली असावी. मराठी बायबलच्या एखाद्या आवृत्तीत तिच्याभोवती कंस असतो, एखाद्यात तळटीप, एखाद्यात काहीच नाही. आमच्या महिला मंडळात मी हे सगळं सांगितलं तेव्हा भीती वाटत होती. एक सत्तरीची आजी म्हणाली, "म्हणजे तिला पुस्तकात जागा नव्हती, तरी ती आलीच." त्या दिवशी त्या कथेवर आम्ही दीड तास बोललो. इतक्या वर्षांत तिच्यावर ऐकलेल्या कुठल्याच उपदेशाने आम्हाला इतकं बोलतं केलं नव्हतं.

यशयाच्या सातव्या अध्यायाचं १४ वं वचन घ्या. दर नाताळात आपण ते वाचता. हिब्रूत तिथे 'आलमा' आहे, म्हणजे वयात आलेली तरुण मुलगी. ख्रिस्तापूर्वी झालेल्या ग्रीक भाषांतरात 'पार्थेनोस' आलं, त्याचा ओढा कौमार्याकडे अधिक, आणि मत्तयाने तेच घेतलं. मराठीतला 'कुमारी' हा शब्द या दोन्हींच्या मधोमध उभा आहे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर प्रत्येक अविवाहित मुलीच्या नावाआधी 'कुमारी' लागतं, आणि 'कौमार्य' म्हटलं की अर्थ लगेच नेमका होतो. मराठीचं हे भाग्य कुणी मंडळीला दाखवत का नाही? मुळात यशया आहाज राजाशी बोलतोय. अराम आणि इस्राएल या दोन राज्यांनी यहूदाला घेरलंय, सुमारे इसवी सनापूर्वी ७३५ सालची गोष्ट, आणि संदेष्टा घाबरलेल्या राजाला त्याच्याच काळातली खूण देतोय. मत्तयाने तीच खूण सुमारे आठशे वर्षांनी पुन्हा हातात घेऊन येशूकडे वळवली. हे दोन्ही सांगितलं तर नाताळ लहान होत नाही. मत्तयाच्या बालपणकथेतल्या अशाच उद्धृतांवर सखोल संशोधन करणारे येशूसंघीय फादर जॉर्ज सोअरिस-प्रभू पुण्यातच शिकवत. त्यांचा तो ग्रंथ १९७६ साली आला. १९९५ मध्ये ते वारले. आमच्या तालुक्यात त्यांचं नाव मला एकाही माणसाच्या तोंडी ऐकायला मिळालेलं नाही.

स्त्रियांच्या बाबतीत मला जरा जास्तच बोलायचं आहे. रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायाच्या आरंभी पौल फीबीची शिफारस करतो. किंख्रियातल्या मंडळीची ती 'डायाकोनोस' आहे. हाच शब्द पौल स्वतःसाठी आणि आपला सहकारी अपुल्लोस याच्यासाठी वापरतो. मराठीत तिला 'सेविका' म्हटलंय. व्याकरणाने ते बरोबरच, पण आमच्या कानाला सेविका म्हटलं की अंगणवाडीतली बाई आठवते, पत्र घेऊन कुठल्या कुठे रोमला निघालेली आणि पौलालाही आधार देणारी मंडळीची जबाबदार स्त्री आठवत नाही. त्याच अध्यायात सातव्या वचनात युनिया आहे. अंद्रोनीकाबरोबर तिचं नाव येतं, आणि ग्रीक वाक्याचा सरळ अर्थ प्रेषितांमध्ये नामांकित असा लागतो. काहींच्या मते तो प्रेषितांना सुपरिचित असा आहे. वाद आहे आणि तो मी मुलींपासून लपवत नाही. पण ती स्त्री होती याबद्दल चौथ्या शतकातला प्रसिद्ध उपदेशक ख्रिसोस्तम याला शंका नव्हती, त्याने तिची स्तुतीच केली आहे. पुढे मध्ययुगात कुणाला तरी प्रेषितांत बाई पटेना आणि युनियाचा युनियास झाला, पुरुष झाला. गंमत म्हणजे त्या काळच्या रोममध्ये युनिया हे नाव शेकड्यांनी सापडतं आणि युनियास एकदाही नाही. तरी जगभर वापरल्या जाणाऱ्या छापील ग्रीक पाठात १९२७ पासून १९९८ पर्यंत पुरुषवाची रूपच राहिलं. या वाक्यात दोन्ही नावांची अक्षरं सारखीच, फरक फक्त स्वराघाताच्या खुणेचा. त्या एका खुणेने एका बाईला ७० वर्षं पुरुष करून ठेवलं. आमच्या वर्गातल्या मुली हे ऐकून ताठ बसतात. त्या मुलींतल्या काहींना उद्या तुमच्या वर्गांत यायचं आहे.

उत्पत्तीबद्दल थोडक्यात. पहिल्या अध्यायात 'देव' आहे, दुसऱ्याच्या चौथ्या वचनापासून 'परमेश्वर देव'. पहिल्यात माणूस शेवटी घडतो, दुसऱ्यात आधी. हे मराठी बायबलातही सातवीचं पोर बोट ठेवून दाखवतं. दोन नावांवरून दोन जुने स्रोत असावेत हे १७५३ मध्ये मांडणारा झां आस्त्रुक हा फ्रेंच वैद्य होता. पुढे जर्मन अभ्यासक वेलहाउझेनने त्यावर मोठी इमारत उभी केली, आणि तिच्यातल्या बऱ्याच भिंतींवर आज वाद आहेत. पण त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट आपल्यापैकी प्रत्येक अध्यापकाने आठवावी असं वाटतं. १८८२ मध्ये त्याने ग्रायफ्सवाल्डच्या धर्मज्ञान विभागातली जागा सोडली, कारण आपल्या शिकवण्याने विद्यार्थी मंडळीच्या सेवेसाठी तयार होत नाहीत असं त्याला वाटलं. वर्ग आणि व्यासपीठ यांच्यातली दरी त्याने पाहिली आणि तो बाजूला झाला. आपण बाजूला झाला नाहीत. दरीवर फळीही टाकली नाहीत.

कुणी म्हणतील, हे पाश्चात्त्य खूळ आहे. तिसऱ्या शतकातला ओरिगेन आफ्रिकेतल्या अलेक्झांड्रियाचा. हिब्रू आणि ग्रीक पाठ सहा रकान्यांत शेजारी शेजारी मांडून तपासणारा तो, आणि देवाने शेतकऱ्यासारखी बाग लावली हे अक्षरशः घेणारा कोण असेल, असं विचारणाराही तोच. कॅथलिक फादरांना तर मी सांगायची गरजच नाही: १९४३ मध्ये पोप बारावे पायस यांनी मूळ भाषा आणि साहित्यप्रकार अभ्यासायला उत्तेजन दिलं, आणि १९९३ च्या पोपच्या बायबल आयोगाच्या दस्तऐवजात ऐतिहासिक-चिकित्सक पद्धत, म्हणजे ग्रंथ कधी, कसा आणि कशातून बनला हे तपासण्याची रीत, अपरिहार्य म्हटली आहे. शब्दशः वाचनाचा हट्ट हा एक प्रकारे बुद्धीची आत्महत्या आहे, इतकं कडक त्यात लिहिलंय. मग मिस्साच्या प्रवचनात ते का उतरत नाही?

ही पद्धत पुरेशी आहे असंही मी म्हणत नाही. सोअरिस-प्रभूंनीच भारताच्या संदर्भात तिच्या मर्यादा दाखवल्या. ग्रंथ कसा बनला हे ती सांगते, भुकेल्या आणि जातीने चिरडलेल्या वाचकाला तो काय म्हणतो हे विचारायला ती थांबत नाही. दलित धर्मज्ञान मांडणाऱ्या अरविंद निर्मळांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या व्याख्यानात तो प्रश्न उभा केला आणि पुढे जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातल्या भटक्या अरामी पूर्वजाच्या कबुलीतून दलित ख्रिस्ती माणसाला स्वतःचा इतिहास वाचायला दिला. आमच्या मंडळीतल्या बहुतेक घरांचे पूर्वज गावकुसाबाहेरचेच होते. हे वचन तसं वाचून दाखवलं तर त्यांना पुस्तक परकं वाटणार नाही.

आणि मराठीला हे पेलत नाही, असं कृपा करून म्हणू नका. फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराणा'त बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून, कोश आणि व्याकरणं घेऊन, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणलं. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळवले. रमाबाई १९२२ साली गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आलं. त्या काही टीकाकार पंडितांच्या पक्षातल्या नव्हत्या. पण इंग्लंडात १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्रैक्याबद्दल आणि कुमारीजन्माबद्दल पडलेले प्रश्न त्यांनी आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून सडेतोड विचारले होते, आणि कुणी दटावलं म्हणून थांबल्या नव्हत्या. असं विचारलं म्हणून त्या गमावल्या गेल्या का?

मागणं फार नाही. महिन्यातून एका रविवारी उपदेशाऐवजी एक उतारा सावकाश, हस्तलिखितांसह, मराठीत उलगडा. सेमिनरीत जे टिपण इंग्रजीत देता त्याची दोन पानं मराठीत करून गावोगावच्या शब्बाथशाळांना पाठवा, झेरॉक्सचा खर्च आम्ही करू. मराठी बायबल छापणाऱ्यांना सांगा की तळटिपा म्हाताऱ्यांना वाचता येतील एवढ्या ठशात छापा. आणि एखाद्या मुलाने दारात विचारलं तर "मलाही हे शिकायला वेळ लागला, ये, बसू या" एवढं म्हणा.

येत्या ईस्टरला आमच्याकडे मार्कचा सोळावा अध्याय वाचला जाणार आहे. पाळकसाहेब, आठव्या वचनापाशी क्षणभर थांबा, पुस्तक खाली करा आणि त्या स्त्रियांना जितकी भीती वाटली तितकी आम्हालाही जाणवू द्या. मग पुढच्या बारा वचनांबद्दल जे तुम्ही शिकलात ते सांगा. मी उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर असेन. त्या मुलाच्या घरी कालच जाऊन आले. ये म्हटलंय त्याला. त्याने हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.

आपल्या मंडळीतली,
एक शब्बाथशाळा शिक्षिका